पल्ला, टप्पा आणि माप

बेळगावात आमच्या गल्लीत विटीदांडू खेळताना एक नियम कटाक्षाने पाळला जाई. विटी टोलावल्यानंतर ती खळीपासून किती दांडू लांब पडली, हे टोला मारणाऱ्यानेच सांगायचे. समोरच्या गड्याला आकडा पटला, तर तेवढे गुण त्याच्या पदरात पडत. न पटला, तर समोरचा गडी 'मोज' एवढाच शब्द उच्चारी आणि दांडू जमिनीला टेकवीत मोजणी सुरू होई. सांगितलेल्यापेक्षा अंतर जास्त भरले, तर सांगितले तेवढेच गुण मिळत; कमी भरले, तर सगळेच गुण जात. मोजताना आम्ही 'वकट, लेंड, मूंड, नाल' म्हणत असू. हे शब्द मराठी नव्हेत, दाक्षिणात्य भाषांतील अंकांशी त्यांचे नाते आहे, हे पुष्कळ वर्षांनी कळले. शेजारच्या कन्नड घरातील मुले याच खेळाला चिन्नीदांडू म्हणत. खेळाच्या नावावरून आमच्यात वाद झाल्याचे आठवत नाही. वाद होई तो अंतरावरून, आणि तो दांडूच मिटवी.

या नियमाची आठवण गेल्या वर्षी एका अनपेक्षित ठिकाणी झाली. बंगळूरला नोकरी करणारा माझा पुतण्या चाळिशीनंतर गोल्फच्या नादी लागला आहे. घरी आला की जेवताना त्याच्या टोल्यांच्या कथा रंगत. "काका, ड्रायव्हरने अडीचशे यार्ड सहज जातो चेंडू," हे त्याचे ठरलेले वाक्य. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याची काठी. मी भूमापन खात्यात उभी हयात घालवलेला माणूस. यार्ड, फूट, आणे हे माझे रोजचे अन्न. अडीचशे यार्ड म्हणजे जवळजवळ २२९ मीटर, म्हणजे तेहेतीस फुटी साखळीच्या पावणेतेवीस साखळ्या. एवढे अंतर 'सहज' पार होते हे ऐकून मनात शंका येई. पण पाहुण्या पुतण्याला 'मोज' कसे म्हणावे?

ते काम एका यंत्राने केले. बंगळूरच्या मुक्कामात तो मला सरावाच्या मैदानावर घेऊन गेला. तेथे चेंडूच्या मागे जमिनीवर एक चौकोनी डबी ठेवली होती. तिला लाँच मॉनिटर म्हणतात. पुतण्याने दहा टोले मारले. टप्प्यापर्यंतचे सर्वांत मोठे अंतर निघाले २२१ यार्ड, आणि दहांची सरासरी १९३. दोन टोले पार फसले होते. ते वगळले तरी सरासरी २०५ च्या पुढे सरकेना. पुतण्याचा चेहरा उतरला. "काका, हे यंत्र कमी दाखवतं," तो म्हणाला. मी गप्प राहिलो, कारण हे वाक्य मी चौतीस वर्षे ऐकत आलो होतो. शेताची मोजणी झाली आणि क्षेत्र कमी भरले की शेतकरी साखळीकडे बोट दाखवून नेमके हेच म्हणे.

माणसाला अंतराचा अंदाज का चुकतो आणि तो चुकू नये म्हणून त्याने काय काय केले, याचा इतिहास मनोरंजक आहे. आपला 'कोस' हा शब्द संस्कृत 'क्रोश' पासून आला, आणि क्रोश म्हणजे हाक, आरोळी. हाक पोचेल ते अंतर, अशी त्याची मूळ कल्पना. आजही आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो. पण हाक वाऱ्यावर अवलंबून, आवाजावर अवलंबून आणि ऐकणाऱ्याच्या कानावरही अवलंबून. म्हणून या गावचा कोस त्या गावच्या कोसाशी जुळत नसे. जमिनीच्या मापात अशी सैलाई परवडणारी नव्हती, कारण त्यावर सारा ठरे. शिवकाळात पाच हात आणि पाच मुठी लांबीची काठी प्रमाण ठरविण्यात आली. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. 'चावर' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्याशी गाठ आहे.

इंग्रजी अमलात काठीची जागा साखळीने घेतली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसविली, तीच पुढे मुंबई इलाख्याची पद्धत झाली. विंगेट पुढे दक्षिण मराठा मुलखाच्या, म्हणजे धारवाड-बेळगावकडील आपल्याच भागाच्या पाहणीचे प्रमुख होते. त्यांची साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आज आपण प्लॉट घेताना जो गुंठा म्हणतो तो हाच. या पद्धतीचे मला सर्वांत कौतुक वाटते ते फेरमोजणीचे. मोजणीदाराने मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरचा अधिकारी स्वतः पुन्हा मोजून पाही. माप घेणाऱ्याचेही माप घ्यावे लागते, हे त्यात गृहीत होते.

याहून काटेकोर काम विल्यम लॅम्टन याचे. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट टॉमस माउंटपाशी त्याने साडेसात मैलांची पायारेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. ऊन वाढले की पोलाद प्रसरण पावते, म्हणून साखळीजवळ तापमापक ठेवून दर वेळी तेवढी दुरुस्ती केली. त्या रेषेवरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये वर्धेजवळच्या हिंगणघाट येथे कामावर असतानाच मरण पावला. त्याचे थडगे तेथेच आहे. साखळीवर विश्वास ठेवायचा, पण ती उन्हात वाढते हे विसरायचे नाही, हा त्याचा धडा मी माझ्या हाताखालच्या मोजणीदारांना नेहमी सांगत असे.

जमीन स्थिर असते, तिला साखळी लावता येते. हवेतून जाणाऱ्या वस्तूचे काय? हा प्रश्न खेळातून नव्हे, तोफखान्यातून उभा राहिला. १८१८ मध्ये टॉमस मन्रो याच्या फौजेने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तोफा कुठे मांडल्या म्हणजे गोळा तटाला भिडेल हा जीवनमरणाचा प्रश्न होता. त्याचे शास्त्रीय उत्तर त्याआधीच बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने शोधायला घेतले होते. १७४२ मध्ये त्याने तोफशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती मागे सरकतो त्यावरून गोळीचा वेग काढायचा, अशी त्याची युक्ती. बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे सतराशे फूट निघाला. हवा नसती तर या वेगाने गोळी सुमारे सतरा मैल गेली असती; प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नाही, हे त्याने दाखवून दिले. हवेला कोणी खिजगणतीतच धरले नव्हते. कागदावरचा पल्ला आणि मैदानावरचा पल्ला यांतील ही तफावत पाहिली, की माझ्या पुतण्याचे अडीचशे यार्ड मला क्षम्य वाटू लागतात. गिरक्या घेत जाणारा गोल आपल्या मार्गापासून वळतो, हेही रॉबिन्सने प्रयोगाने दाखविले. हा मनुष्य पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

गिरकीचा हाच धागा दीडशे वर्षांनी पीटर गथ्री टेट याने गोल्फपर्यंत आणला. टेट एडिंबरो विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने चेंडूच्या उड्डाणाचे गणित मांडले. टोल्याबरोबर चेंडूला मागच्या बाजूला गिरकी मिळते आणि ती त्याला हवेत उचलून धरते, म्हणून तो अपेक्षेपेक्षा अधिक काळ तरंगतो, असे त्याने सिद्ध केले. त्याचा मुलगा फ्रेडी हा नामांकित खेळाडू. १८९३ च्या जानेवारीत सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर फ्रेडीने मारलेला चेंडू ३४१ यार्ड गेला. हा आकडा आजही सांगितला जातो. पण त्या दिवशी जमीन थंडीने गोठून दगडासारखी झाली होती, आणि हवेतून चेंडू गेला तो सुमारे अडीचशे यार्ड, बाकीचा घरंगळला, हे सहसा सांगितले जात नाही. पल्ला आणि टप्पा यांतला हा फरक सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे. मराठीत हे दोन्ही शब्द आपल्याकडे आधीपासूनच आहेत. चेंडू हवेतून जाऊन जेथे प्रथम टेकतो तो टप्पा. त्यानंतरची घरंगळ जमिनीची कृपा.

आता त्या डबीकडे वळू. १८४२ मध्ये ख्रिस्टियन डॉप्लर याने प्रागमध्ये एक सिद्धांत मांडला. लहरी सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लहरी दाटतात, दूर जात असेल तर विरळ होतात. रेल्वे इंजिन शिटी वाजवीत फलाटावरून पुढे गेले की शिटीचा सूर उतरतो, तो यामुळे. १८४५ मध्ये बॉइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने उट्रेक्टजवळ आगगाडीवर कर्णे वाजविणाऱ्यांना बसवून आणि रुळाकडेला जाणकार कानाचे वादक उभे करून याची परीक्षा घेतली. गंमत अशी, की डॉप्लरने सिद्धांत मांडला त्याच १८४२ साली मुंबईत गोऱ्या साहेबांनी गोल्फचा क्लब काढला. या दोन गोष्टी एकमेकींना भेटायला एकशे साठ वर्षे लागली. डेन्मार्कमध्ये २००३ मध्ये स्थापन झालेल्या ट्रॅकमॅन या कंपनीने रडारचे तंत्र गोल्फच्या चेंडूला लावले. यंत्रातून निघालेल्या लहरी चेंडूवर आपटून बदलून परत येतात. त्या बदलावरून चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन आणि गिरक्या कळतात. दुसऱ्या प्रकारची यंत्रे टोल्याच्या क्षणी चेंडूची अतिजलद छायाचित्रे घेतात आणि पुढचे उड्डाण गणिताने काढतात. हाकेवरून अंतर ठरविणारा माणूस शेवटी पुन्हा लहरींकडेच आला. फरक एवढाच, की आता कान यंत्राचा आहे.

या यंत्रांनी गोळा केलेले आकडे बोलके आहेत. ट्रॅकमॅनने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेल्या सरासरीनुसार अमेरिकेच्या दौऱ्यावरील व्यावसायिक पुरुष खेळाडूचा ड्रायव्हरचा चेंडू हवेतून सुमारे २७५ यार्ड जाई, स्त्री खेळाडूचा सुमारे २१८ यार्ड. सर्वसाधारण हौशी पुरुषाचा घरंगळीसह एकूण पल्ला सुमारे २१४ यार्ड. म्हणजे माझा पुतण्या त्याच्यासारख्या असंख्य हौशी खेळाडूंच्या पंगतीत अगदी बरोबर बसला होता. त्याच्यात काही कमी नव्हते. आकडा तेवढा दुसऱ्याचा उसना घेतलेला होता.

अंदाज चुकण्याची कारणे मी त्याला एकेक करून सांगितली. पहिले, माणूस आपला सर्वांत उत्तम टोला लक्षात ठेवतो आणि त्यालाच आपली सरासरी समजतो. दुसरे, उतार, पाठीवरचा वारा आणि उन्हाळ्यातली टणक जमीन यांनी दिलेले यार्ड तो आपल्या खात्यात जमा करतो. तिसरे, स्थानमाहात्म्य. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट, आपले बेळगाव अडीच हजार. विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी; कोकणात दोनशे यार्ड जाणारा चेंडू बेळगावात पाच-सहा यार्ड अधिक जाईल. पावसाळी दमट हवा जड असते हा मात्र गैरसमज आहे. पाण्याच्या वाफेने हवा किंचित हलकीच होते. पावसात पल्ला घटतो तो मुख्यतः ओल्या जमिनीने घरंगळ खाल्ल्यामुळे. आणि चौथे, यंत्रही निर्दोष नाही. सरावाच्या मैदानावरचे झिजलेले चेंडू कमी उडतात, बंद खोलीतले यंत्र संपूर्ण उड्डाण पाहत नाही, आणि ठिकाणाची उंची चुकीची भरली तर उत्तरही चुकते. लॅम्टनच्या साखळीप्रमाणे यंत्रालाही दुरुस्ती हवी. म्हणून एका टोल्यावर विसंबू नये. प्रत्येक काठीने दहा-बारा टोले मारावेत, टप्प्यापर्यंतच्या अंतराची सरासरी काढावी आणि तो आकडा वहीत लिहून ठेवावा.

याचा उपयोग काय, असे वाचक विचारतील. पुतण्याच्या मैदानावर एका ठिकाणी तळे आहे. ते ओलांडायला हवेतून दीडशे यार्ड लागतात. सात नंबरच्या काठीने आपण एकशेसाठ मारतो या समजुतीने तो दर रविवारी तीच काठी घेई आणि दर रविवारी चेंडू पाण्यात घाली. यंत्राने सांगितले, त्या काठीचा त्याचा टप्पा १३८ यार्डांवर पडतो. तळे तेच होते, काठी तीच होती, हातही तेच होते. चुकीचा होता तो मनातला आकडा.

पल्ला कमी म्हणजे खेळ कमी, असेही नाही. बंगळूरच्या आदिती अशोक हिने २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळविला. पदक तिच्या हातून एका फटक्याने निसटले. त्या स्पर्धेत सर्वांत कमी पल्ल्याच्या खेळाडूंमध्ये तिची गणना होती. आपला चेंडू कुठे पडणार हे तिला नेमके ठाऊक असे आणि उरलेले काम ती जवळच्या फटक्यांनी करी. जगातल्या लांब पल्ल्याच्या खेळाडूंना तिने आपल्या खऱ्या आकड्याच्या बळावर मागे टाकले.

येथपर्यंत लिहिल्यावर थांबता आले असते. पण ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला, ती अजून सांगायची आहे.

आमचे मूळ घराणे निपाणीकडचे. घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात, पंगत उठल्यावर, माझे वडील एक वाक्य हमखास उच्चारीत : "आमची एक चावर जमीन होती." एक चावर म्हणजे एकशेवीस बिघे. ऐकणाऱ्यांच्या माना डोलत. आम्हा मुलांच्याही छात्या फुगत. आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदलेल्या कुटुंबांना अशा आठवणींचा मोठा आधार असतो, हे मी वाचकांना सांगायला नको. भूमापन खात्यात रुजू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी कुतूहलाने जुने टिप्पण आणि आकारबंद काढून पाहिला. पहिल्या पाहणीपासून आमच्या घराण्याच्या नावावर होते एकतीस एकर नऊ गुंठे. लहानात लहान बिघा धरला, तरी चावराच्या निम्म्यानेही ते भरत नव्हते.

कागद मी होता तसा गुंडाळून ठेवला. वडिलांना सांगितले नाही. त्यांच्या म्हातारपणी त्यांचा चावर हिरावून घेण्याचा मला काय अधिकार, असे तेव्हा वाटले. यात पितृप्रेम होते तसाच भित्रेपणाही होता, हे आज कबूल करतो. वडील गेले. पुढे चुलत भावंडांत वाटणीचा प्रश्न निघाला, आणि चावरातली उरलेली जमीन दुसऱ्या शाखेने गिळली, असा एका शाखेचा ग्रह झाला. प्रकरण न्यायालयात गेले. ज्या जमिनीला कधी साखळीच लागली नव्हती, तिच्यासाठी अकरा वर्षे तारखा पडल्या. वकिलांच्या फीपायी खऱ्या एकतीस एकरांपैकी काही एकर विकले गेले. शेवटी मीच तो आकारबंद सर्वांपुढे ठेवला. सर्वांत थोरल्या चुलतभावाने तो डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला आणि म्हणाला, "तुला हे ठाऊक होतं?" मी मान हलविली. तो पुढे एक अक्षर बोलला नाही. त्याच्या घरचे पानसुपारीचे बोलावणे मला पुन्हा कधी आले नाही, आणि आता तोही नाही.

एकतीस एकर नऊ गुंठे ही काही लाजेची गोष्ट नव्हती. कोरडवाहू मुलखात तेवढ्या जमिनीवर चार पिढ्या जगल्या, मुले शिकली, माझ्यासारखा एक नोकरीला लागला. तो आकडा आम्ही मानाने मिरवायला हवा होता. त्याऐवजी आम्ही चावर मिरवला, आणि चावराने खरे एकर खाल्ले. इतिहासाच्या बाबतीतही हेच घडते असे मला वाटते. आपल्या घराण्याची, गावाची, भाषेची थोरवी सांगताना घरंगळ कोणती आणि टप्पा कोणता, हे निवडून सांगण्याचे धैर्य ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्या शब्दाला दुसरा कोणी 'मोज' म्हणाला तरी भीती नसते.

गेल्या महिन्यात पुतण्याचा दूरध्वनी आला. "काका, चेंडू तळ्यापलीकडे पडला." कोणती काठी घेतलीस, असे विचारले, तर म्हणाला, "पाच नंबरची. वहीत लिहिलं होतं." त्याचा आवाज, अडीचशे यार्ड सांगताना असे, त्याहून अधिक आनंदी होता. त्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने आपल्या टोल्यांची सरासरी लिहिली आहे. मी त्याला एवढेच सांगितले, की शेवटच्या पानावर आपल्या घराण्याच्या जमिनीचाही आकडा लिहून ठेव : एकतीस एकर, नऊ गुंठे. तुझ्या मुलांनी विचारले, तर त्यांना दाखवायला होईल.